भिंगरीचा लाल प्रश्न

काकाने तो फुगा फुगवला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं भिंगरीच्या आईचं आजही ठाम मत आहे.

काका म्हणजे तिचा धाकटा दीर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्या वयात माणसाला ज्ञान झालं की ते कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय चैन पडत नाही. रविवारी चहाला आला, चार वर्षांच्या पुतणीला समोर बसवलं, खिशातून लाल फुगा काढला आणि म्हणाला, “हा आपला सूर्य. म्हातारा झाला की असा फुगणार, अजून फुगणार...” बशीत पृथ्वी म्हणून एक शेंगदाणा ठेवला होता. सूर्य फुगत फुगत पृथ्वीपर्यंत पोचला आणि बशीच्या कडेला टवका उडाला होता त्याला लागून फाटकन फुटला. शेंगदाणा जो उडाला तो अजून सापडलेला नाही.

“आणि मग तो विझणार,” काका फुग्याची चिंधी दाखवत म्हणाला. बिस्किट उचललं आणि गेला.

भिंगरी रडली नाही. विचारात पडली की ती डाव्या सँडलचा चिकटपट्टा उघडायची आणि लावायची. चर्र, चर्र. त्या संध्याकाळी हा आवाज घरभर चालू होता. सोमवारी सकाळी तिने शाळेत जायला साफ नकार दिला.

“का गं?”

“सूर्य विझणार आहे.”

शाळा नवीन होती. बालवर्ग सुरू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते आणि त्या दिवसांतही भिंगरी वर्गात बसायची ती खिडकीच्या जाळीपलीकडे आई उभी असेल तरच. आई उभी राहायची. शाळा सुटेपर्यंत, पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत. वर्गाच्या बाई रोज जरा जास्त गोड हसायच्या आणि एके दिवशी हसणं थांबवून म्हणाल्या होत्या, “तिला महिनाअखेरपर्यंत एकटीने बसता आलं पाहिजे हं. नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू. बाहेर बरीच मुलं थांबली आहेत.” महिनाअखेर म्हणजे आईचीही रजा संपायची तारीख. ऑफिसने ती आधीच दोनदा वाढवून दिली होती, आणि दुसऱ्यांदा देताना साहेबांनी पत्रावर सही करून पेनाचं टोपण फार जोरात लावलं होतं.

आता ऑफिसचंही सांगायला हवं, नाहीतर वाचकांना वाटेल की ही बाई उगाचच घाबरट आहे. ती विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होती. तुम्हाआम्हाला जिथे खिडकी दिसते तिथे तिला दावा दिसतो. बादली, जिना, फिरता दरवाजा, द्राक्ष, या सगळ्यांच्या फायली तिने हातांनी हलवल्या होत्या. त्यामुळे घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज होते, कपाटांना कड्या होत्या, आणि भिंगरीसाठी एकच नियम होता: “मला दिसशील अशी खेळ. तू दिसली नाहीस ना, की माझा जीव खालीवर होतो.” हे वाक्य दिवसातून किती वेळा व्हायचं त्याची गणती नाही. सूर्य हा एकच कोपरा असा उरला होता ज्याला तिने अजून स्पंज लावला नव्हता.

“अगं, सांग की तिला, विझत नाही म्हणून,” नवरा म्हणाला.

“खोटं सांगू?”

“मग सांग, विझतो पण परत लावतात.”

समोरच्या काकूंनी सांगितलं, “पडदे लावून ठेव. दिसला नाही की विसरेल. आमच्या मुलाला लहानपणी विमानाची भीती होती. आता बघ, विमानाने गेला तो तिकडचाच झाला, येतच नाही.” हे उदाहरण कशाच्या बाजूचं होतं ते आईला कळलं नाही, आणि काकूंनाही सांगून झाल्यावर ते नीट कळलं नसावं, कारण त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या.

शेवटी शिकलेली माणसं करतात तेच आईने केलं. अनोळखी लोकांना विचारायचं ठरवलं.

‘अवकाश कट्टा’ ही संकेतस्थळावरची जागा नोकरी, संसार, रक्तदाब वगैरे सांभाळून शिवाय विश्वाचीही काळजी वाहणाऱ्या हौशी मंडळींची होती. तिथे प्रश्न विचारायचा तर आधी माहिती भरावी लागे. निरीक्षणाचं ठिकाण? आईने लिहिलं, स्वयंपाकघर. उपकरण? फुगा, आता नाही. आकाशाची स्थिती? समोरची इमारत दिसते. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: प्रश्न मोजक्या शब्दांत असावा, वैयक्तिक मजकूर गाळावा.

भिंगरीचं मूळ बोलणं बरंच लांबलचक होतं. त्यात सूर्य होता, शाळा होती, आई होती, आणि शेवटी “मग तू काय करशील?” असं काहीतरी होतं. आईने सूचनेप्रमाणे सगळं छाटलं आणि लिहिलं: ‘माझी मुलगी विचारते, सूर्य विझेल का? तिला काय सांगावं?’

दुपारी भिंगरी झोपल्यावर बघते तर तिच्या प्रश्नाचे दोन तुकडे झालेले. कट्ट्याचा कारभार पाहणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे ‘नियामक’ म्हणत. त्यांनी ‘सूर्य विझेल का’ हा भाग ‘तारे’ विभागात हलवला होता आणि ‘तिला काय सांगावं’ हा भाग ‘इतर’ विभागात. ‘इतर’मध्ये तिच्या आधीचा प्रश्न जुन्या तिपाईला गिऱ्हाईक मिळेल का, हा होता. तिकडे कोणी फिरकलं नाही. ‘तारे’मध्ये मात्र गर्दी उसळली.

पहिलं उत्तर एका दाताच्या डॉक्टरांचं. ‘ताई, काळजी नको. सूर्याला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत.’ आईला इतकं बरं वाटलं की तिने झोपेतून उठलेल्या भिंगरीला ते लगेच वाचून दाखवलं.

“पाचशे कोटी म्हणजे सोमवारच्या आधी की नंतर?”

“नंतर गं. खूप नंतर.”

“मंगळवारी?”

तोवर डॉक्टरांनी स्वतःच स्वतःची दुरुस्ती केली होती. ‘दिलाशाच्या भरात आकडा ढिला सोडणं बरोबर नाही. सूर्य पाचशे कोटी वर्षं टिकेल, पण तो तापत जाणार असल्यामुळे समुद्र त्याच्या कितीतरी आधी आटतील.’ खाली हसरा चेहरा होता. भूल न देता दात काढणाऱ्या माणसाचाच तो चेहरा, असं आईला वाटलं.

मग आले स्थिरकाका. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही, तो महास्फोट वगैरे सगळं थोतांड आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. भिंग कसं पुसावं, अशा चर्चेतही ते हेच लिहीत. डॉक्टरांनी त्यांना सात पुरावे दिले. स्थिरकाकांनी सातही पुरावे स्थिर चित्ताने नाकारले. त्यांच्या पाठोपाठ आणखी लोक आले. विश्व प्रसरण पावत पावत शेवटी गारठून जाईल, की फाटेल, की पुन्हा आकसेल, यावर वर केलेल्या हाताचं चिन्ह टाकून मतदान झालं. फाटेल, या बाजूला थोडी जास्त मतं पडली. आईने हे सगळं पिशवी खांद्यावर असल्यासारखं उभ्यानेच वाचलं.

कुणीतरी मध्येच लिहिलं होतं की सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, त्यामुळे तो विझला तरी आपल्याला आठ मिनिटं पत्ताच लागणार नाही. हे मात्र आईने मोठ्याने वाचायला नको होतं.

“म्हणजे आत्ता विझला असेल?” भिंगरी म्हणाली. चर्र, चर्र.

“नाही गं.”

“पण तुला कळणारच नाही ना.”

भांडी घासता घासता आईही खिडकीकडे बघायला लागली. ऊन होतं. पण ते जुनं ऊन होतं.

चार दिवसांनी तिला स्वतःचीच लाज वाटली. घरात शाळेचा पत्ता नाही आणि आपल्या नावावर विश्वाच्या अंताचं मतदान चाललंय! प्रश्नाखाली ‘समाधान झालं’ असं बटण होतं. तिने ते दाबलं आणि सुटले म्हणाली.

तासाभरात नियामकांचा निरोप आला. ‘भगिनी, आपण समाधान झाल्याचं कळवलं आहे. तथापि मूळ मजकूर पाहता प्रश्नकर्त्या आपण नसून आपली कन्या आहे. आपण केवळ टंकलेखन केलं आहे. तिचं समाधान झालं का?’

टंकलेखन! पहिल्या वर्गात पदवी घेतलेल्या बाईला हा शब्द लागायचा तो लागलाच. तिने रागारागाने ‘झालं’ असं टंकलं. मग खोडलं. आतल्या खोलीतून चर्र, चर्र ऐकू येत होतं. तिने लिहिलं, ‘नाही.’

त्यासरशी तिचा प्रश्न लाल झाला. कट्ट्यावर समाधान न झालेला प्रश्न लाल दिसे, आणि नियामकांच्या कारकिर्दीत एकही प्रश्न लाल राहिलेला नव्हता. तिपाईलासुद्धा गिऱ्हाईक त्यांनीच शोधून दिलं होतं म्हणे. अख्ख्या कट्ट्याच्या अब्रूचा सवाल झाला. डॉक्टरांनी सुचवलं, ‘मुलं न बघितलेल्या गोष्टीला जास्त घाबरतात. माझ्याकडे आली की मी आधी त्यांना खुर्ची वरखाली करायला देतो. तिला सूर्य नीट दाखवू या. दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडता येतो, डोळ्याला अपाय नाही.’ गच्ची कुणाची? कुणाच्या गच्चीवर मोबाइलचे मनोरे होते, कुणाच्या गच्चीवर सासरे. पश्चिमेला मोकळी गच्ची आहे का, या प्रश्नाला आईने भिडस्तपणे ‘आहे तशी’ असं लिहिलं, आणि नियामकांनी खाली लिहिलं, ‘स्थळ निश्चित. शनिवार, सूर्यास्तापूर्वी.’

सोसायटीचे सेक्रेटरी दारातच म्हणाले, “वहिनी, गच्ची कपड्यांसाठी आणि टाकीसाठी आहे. सूर्यासाठी आजवर कुणी मागितलेली नाही.”

“सूर्य तसाही तिथे असतोच ना हो.”

“असतो. पण तो बाहेरून येतो. आणि ही माणसं?”

“तीही बाहेरून येणार.”

“दुर्बिणीतून समोरच्या इमारतीत बघणार नाहीत कशावरून?”

“अहो, ती वर धरतात. सूर्याकडे.”

सेक्रेटरी हुशार माणूस. “मावळायला लागला की तो खालीच येतो ना? समोरच्यांच्या खिडकीत?”

शेवटी परवानगी मिळाली ती या अटीवर की सेक्रेटरी स्वतः हजर राहतील, रहिवाशांपैकी ज्याला यायचं त्याला येऊ द्यायचं, आणि गच्चीचा दिवा मिळणार नाही. दिव्याचा गैरवापर झाल्यामुळे त्याचा बल्ब गेल्या वर्षापासून सेक्रेटरींच्या कपाटात होता.

शनिवारी गच्चीवर ही गर्दी. कट्ट्यावरची मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आली होती, पण चेहरे पहिल्यांदाच बघत होती. नियामक उंचपुरे, भारदस्त असतील असं आईने धरलं होतं. ते निघाले आईच्या खांद्याएवढे, कानटोपी घातलेले, पाणीपट्टी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. स्थिरकाका बायकोला घेऊन आले होते. “घरीही असंच हो,” काकी आईच्या कानात म्हणाल्या, “विश्वाला सुरुवात नाही म्हणतात, आणि कपाट आवरायलाही नाही.”

भिंगरी टोपी, काळा चष्मा आणि लांब बाह्यांचा झगा अशा थाटात होती. तिच्या कमरेला ओढणी बांधलेली होती आणि ओढणीचं दुसरं टोक आईच्या मनगटाला. कठडा मोठ्या माणसाच्या छातीएवढा उंच होता, पण आईने फायली हलवल्या होत्या.

डॉक्टरांनी दुर्बीण लावली, मागे पांढरा पुठ्ठा धरला, आणि पुठ्ठ्यावर सूर्य उतरला. बशीएवढा, शांत, कडेला किंचित थरथरणारा. त्याच्यावर एक बारीक काळा डाग होता.

“याचा पण टवका उडालाय,” भिंगरी म्हणाली.

हे कट्ट्यातल्या कुणालाही सुचलं नसतं, असं आईला वाटलं, आणि फुटकी बशी टाकून न दिल्याचा तिला अभिमानही वाटला. पण तोवर रांग लागली होती. सेक्रेटरींना डाग आधी बघायचा होता, कारण जबाबदारी त्यांची. डॉक्टर डागाचं कारण सांगू लागले तसे स्थिरकाका महास्फोटावर घसरले. समोरच्या काकू रांगेत शेवटी होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा पुठ्ठ्याकडे बराच वेळ बघून त्या हळूच म्हणाल्या, “आत्ता हाच तिकडे सकाळचा असेल, नाही का?” त्यांना कुणी दुरुस्त केलं नाही.

आणि मग पश्चिमेकडून ढग आले. आधी एक, मग त्याचं सगळं कुटुंब. पुठ्ठा राखाडी झाला. ढगाआडच सूर्य मावळला, वाद घालता घालता पुरता अंधार पडला, आणि त्याच वेळी, जणू ठरवून, सगळ्या भागाची वीज गेली. रस्ता गेला, समोरच्या खिडक्या गेल्या, गच्ची गेली. लोकांनी फोन काढले. तेवढ्यात अंधारातून नियामकांचा आवाज कडाडला, “दिवे बंद! निरीक्षणाच्या जागी पांढरा प्रकाश चालणार नाही! डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या!” त्या आवाजात इतक्या पाणीपट्ट्यांची वसुली होती की सगळ्यांनी मुकाट्याने फोन विझवले. सेक्रेटरींनीसुद्धा.

आईने ओढणी ओढली. ओढणी ताठ होती. ती हाताने चाचपत ओढणीच्या टोकापर्यंत गेली. ओढणीचं टोक नळाच्या पाइपला बांधलेलं होतं, वेडीवाकडी, चार वर्षांच्या बोटांची गाठ.

“भिंगरी!”

डॉक्टर प्रसरणावर बोलत होते. काकी काकांना गप्प बसा म्हणत होत्या. आईच्या डोक्यात ऑफिसातली फायलींची सगळी कपाटं एकदम उघडली.

“गप्प बसा!” ती ओरडली. “सगळे गप्प बसा!”

विश्वाच्या अंताची चर्चा थांबली. आणि त्या शांततेत कुठूनतरी, टाक्यांमध्ये घुमून चहूकडून आल्यासारखा आवाज आला.

“आई, मी दिसते का?”

दिसतेस, असं सांगायची आईला सवय होती. पाठ फिरवलेली असली तरी ती तसंच सांगायची. या वेळी तिच्या तोंडून आलं, “नाही गं. नाही दिसत.”

चर्र. चर्र.

आई आवाजाच्या दिशेने वळली.

“पण तू मोठ्या टाकीच्या मागे आहेस,” ती म्हणाली. “जमिनीवर बसलीयेस. डाव्या सँडलचा पट्टा उघडतेयस. आणि चष्मा डोक्यावर चढवलायस, कारण चष्म्यात तुझं नाक खाजतं.”

टाकीमागची चर्र थांबली.

“तुला कसं कळलं?”

“कळतं.”

“अंधारात पण?”

“अंधारात पण.”

“मी शाळेत असले आणि सूर्य विझला, तरी कळेल?”

आणि मग आईला ते गाळलेलं वाक्य आठवलं. सगळंच्या सगळं. सोमवारी सकाळी भिंगरी म्हणाली होती, सूर्य विझला की शाळेत तुला मी दिसणार नाही, मग तू काय करशील? पोरीला सूर्याची काळजी नव्हती. स्वतःचीही नव्हती. जाळीपलीकडे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या, जीव खालीवर होणाऱ्या एका बाईचं अंधारात कसं होणार, हा तिचा प्रश्न होता, आणि तो वैयक्तिक म्हणून छाटला गेला होता.

“कळेल,” आई म्हणाली. “तू आता पाणी पीत असशील, आता शेजारच्या मुलीशी भांडत असशील, सगळं कळेल. घरी बसून.”

“रडणार नाहीस?”

“थोडीशी रडेन. मग थांबेन.”

टाकीमागून भिंगरी बाहेर आली आणि आईच्या मांडीला येऊन धडकली. समोरच्या काकूंनी नाक पुसल्याचा आवाज आला. मग नियामक खाकरले. लाल प्रश्न अजून लालच होता आणि हा माणूस कर्तव्याला चुकणारा नव्हता.

“प्रश्नकर्तीला विचारतो,” ते वाकून म्हणाले. “समाधान झालं का?”

“झालं,” भिंगरी म्हणाली.

“म्हणजे सूर्याचं पटलं ना तुला?” डॉक्टरांनी आशेने विचारलं. “पाचशे कोटी वर्षं?”

“विझू दे की,” भिंगरी म्हणाली.

“विझणारच नाही मुळी!” स्थिरकाका उसळले, आणि काकी म्हणाल्या, “चला आता घरी.”

दुसऱ्या दिवशी आईने बटण दाबलं. तर आता, कुणाच्या उत्तराने समाधान झालं, ते निवडा, अशी विचारणा करणारी खिडकी उघडली. डॉक्टरांचं नाव निवडावं तर स्थिरकाका दुखावणार. शेवटी नियामकांनीच मार्ग काढला. प्रश्नाचे दोन्ही तुकडे त्यांनी पुन्हा जोडले आणि अख्खा प्रश्न ‘इतर’मध्ये हलवला. तिथे तो आता हिरवा आहे. त्याच्याखाली डॉक्टर आणि स्थिरकाका अजून भांडताहेत, पण त्याला नियामकांचा इलाज नाही.

सोमवारी आई भिंगरीला घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेली. बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, “नाही, मी जाते.” भिंगरीचा हात सोडला, वळली, आणि फाटकासमोर उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीपर्यंत अगदी ताठ चालत गेली. मग गाडीमागे वाकून बसली. फक्त ती आत जाईपर्यंत, एवढंच तिच्या मनात होतं. काचेतून काचेपलीकडे दोन वेण्या पायऱ्या चढताना दिसत होत्या.

तिसऱ्या पायरीवर वेण्या थांबल्या. भिंगरीने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

“आई,” ती समोर बघतच ओरडली, “गाडीमागून ऊठ आणि घरी जा.”

आईने उगाच चाकातली हवा तपासल्यासारखं केलं, गुडघे झटकले आणि चालू लागली. ऊन चांगलंच पडलं होतं. जुनं असलं तरी उबदार होतं. कोपऱ्यावर वळताना तिला चर्र, चर्र असं स्पष्ट ऐकू आलं. एवढ्या लांबून ते कसं शक्य आहे, हा प्रश्न तिने कट्ट्यावर टाकला नाही.